नेट रखडतंय? राऊटरला शिव्या द्यायच्या आधी वायर बघा

नेट अडकलं की सगळे आधी राऊटर बंद-चालू करतात, पण बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. आधी कॉम्प्युटरवर लिंक स्पीड, म्हणजे केबलवरची जोडणी किती वेगाची झालीय, ते बघा. दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) असूनही १०० एमबीपीएसच दाखवत असेल तर संशय केबलवर, कारण केबलमधे आठ तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असतात, त्यातल्या १०० ला दोनच पुरतात (पिन १, २, ३, ६) आणि गिगाबिटला चारही लागतात, म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार नीट बसली नसली तरी नेट चालू राहतं फक्त हळू चालतं आणि कुणाला पत्ताच लागत नाही.

मग चांगली चालणारी दुसरी केबल लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला हां, केबल पण बदलली पोर्ट पण बदलला तर घोळ कशात होता ते कधीच कळणार नाही.

केबलच्या टोकाचा कनेक्टर घरीच क्रिंप केलाय, म्हणजे तारांवर दाबून बसवलाय? क्लिप खाली, केबल आपल्याकडे, आता डावीकडून बघा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी घुसलेली विचित्र वाटते ना, नेमकं तिथेच लोक चुकतात, जोड्या शेजारी-शेजारी लावून मोकळे होतात. दोन्ही टोकांना तीच चूक केली की साधा टेस्टर आठही दिवे ओके दाखवतो, कारण तो फक्त तार सलग आहे का एवढंच बघतो, पण ३ आणि ६ वेगळ्या जोड्यांत गेल्याने क्रॉसटॉक होतो (एका जोडीतला सिग्नल दुसरीत घुसतो) आणि स्पीड बोंबलतो. पीळ पण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका.

केबलची एकूण लांबी पॅच कॉर्ड (टोकांना लावायच्या छोट्या केबल) धरून १०० मीटरच्या आत. लाईटच्या वायरीला समांतर, चिकटून केबल नेऊ नका, ओलांडावीच लागली तर काटकोनात.

आणि अख्खं नेटवर्क एकदम झोपलं, स्विचचे (बऱ्याच केबल एकत्र जोडायच्या डब्याचे) सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतायत? मग लूप शोधा, म्हणजे फिरून त्याच नेटवर्कमधे परत खोचलेली केबल. मी एकदा टेबलाखाली लोंबणारं टोक 'सुटलंय वाटतं' म्हणून स्विचमधे खोचलं, दुसरं टोक आधीच त्याच स्विचमधे होतं! एकेक केबल काढत जा, जी काढल्यावर दिवे शांत होतात ती गुन्हेगार. मॅनेज्ड स्विच (ज्याच्या सेटिंग बदलता येतात असा) असेल तर एसटीपी, म्हणजे लूप रोखणारी सोय, चालू करून ठेवा, आणि काहीही असो, केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावाच.