किनाऱ्यावरच्या भिंतीवर पक्षी-झाडं रंगवताय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त होणारी चूक रंगाची नसते, फोटोची असते. नेटवर 'सीगल' शोधलं की पिवळ्या जाड चोचीचा युरोपातला पक्षी आधी दिसतो आणि तोच कोकणातल्या भिंतीवर चढतो. आपल्याकडे थंडीत थव्याने येतात ते काळ्या नाहीतर तपकिरी डोक्याचे कुरव, आणि ऐन थंडीत त्यांचं डोकं पांढरंच असतं, कानामागे एक काळपट ठिपका आणि चोच-पाय लालसर. फ्लेमिंगोचंही तसंच, कॅरिबियन बेटांवरचा भडक पक्षी बघून रंगवतात. ठाणे खाडीत जास्त असतो तो छोटा रोहित, म्हणजे लहान जातीचा फ्लेमिंगो, अंग फिकट, चोच गडद काळपट लाल.

मी स्वतः एका शाळेच्या भिंतीवर काकण म्हणजे समुद्री गरुड काढला आणि पंख विटकरी केले. दुसऱ्या दिवशी मासेमारी करणारे एक आजोबा थांबले, म्हणाले, "बाळा, ही तर घार झाली." खरंच होतं त्यांचं! विटकरी पंख ब्राह्मणी घारीचे, काकणाचे राखाडी आणि शेपटी आखूड, पांढरी, पाचरीसारखी. दोन्ही पंख परत रंगवले. तेव्हापासून पेन्सिलचं काम झालं की डबा उघडायच्या आधी मी गावातल्या दोन-तीन जाणत्या माणसांना भिंतीसमोर उभं करतो.

झाडांमध्ये खारफुटीचा घोळ फार होतो. कमानीसारखी मुळं कांदळाची, चिखलातून पेन्सिलीसारखी वर येणारी तिवराची, पण लोक एकाची मुळं दुसऱ्याला लावतात. पांढरी चिप्पी 2020 पासून राज्याचा कांदळवन (म्हणजे खारफुटी) वृक्ष आहे, तिचं पांढऱ्या केसरांचं फूल रात्री उमलतं, ते एखाद्या भिंतीवर तरी यायलाच हवं. वाळूसाठी मर्यादवेल घ्या, पान मधे चिरलेलं, फूल जांभळट गुलाबी. सुरू मात्र इथला नाही, तो बाहेरून आणून लावलेला, 'स्थानिक झाडं' लिहून त्याला मधोमध नका ठेवू.

आता भिंत. खाऱ्या हवेत प्लास्टरला पांढरी पूड फुटते आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो, मग लोक पाण्याने धुतात, त्याने तो खार विरघळून परत आतच जातो. कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि ओल कुठून येतेय ते आधी शोधा. साधी टेस्ट आहे, प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर थांबा. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ कोट मारला तर पाणी आतच अडकतं आणि फोड येतात, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की जीव तुटतो. नवीन प्लास्टरला महिनाभर तरी द्या, काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, आणि घरात वापरायचा डिस्टेंपर बाहेर अजिबात नको, एक्स्टीरियर प्राइमर आणि एक्स्टीरियर अ‍ॅक्रिलिकच घ्या.

भडक गुलाबी आणि लाल पश्चिमेच्या उन्हात लवकर उडतात, म्हणजे नेमका फ्लेमिंगोच फिका पडतो, म्हणून तो सावलीच्या बाजूला घ्या. घारीच्या विटकरी रंगाला गेरूसारखा लोहाचा रंग वापरला तर तो टिकतो. जमिनीलगतचा हातभर पट्टा चिखलाच्या रंगात ठेवा, पावसाचे शिंतोडे तिथेच उडतात. उरलेला प्रत्येक रंग छोट्या बाटलीत भरून वर 'काकण पंख', 'तिवर पान' असं लिहून शाळेत ठेवा, गणपतीनंतर टचअपला तोच लागतो.