कॉलऱ्याची साथ आणि लॅबमधले तीन दिवस

एमएस्सी मायक्रो किंवा डीएमएलटी करून जिल्ह्याच्या लॅबला नुकतेच लागलेल्यांसाठी लिहितेय, कारण पावसाळा तोंडावर आलाय आणि जून-जुलैत कुठल्यातरी वाडीवरून "मॅडम, गॅस्ट्रोचे पेशंट वाढलेत" असा फोन येतोच येतो. २०२२ च्या जुलैमध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यात कॉलऱ्याने माणसं गेली, तेव्हापासून असा फोन आला की मी हातातलं सगळं बाजूला ठेवते.

माझ्या पहिल्या साथीत चौदा रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून कापसाच्या काडीवर घेतलेले नमुने) आले होते, साध्या कोरड्या ट्यूबमध्ये, बर्फावर ठेवून, वाडीवरून निघून पाच तास झालेले आणि फॉर्मवर अँटिबायोटिक दिलं का हा रकाना रिकामा. मी सगळे लावले आणि दुसऱ्या दिवशी एकाही प्लेटवर काही नाही. रिपोर्ट गेला निगेटिव्ह आणि तिकडे लोक व्हरांड्यात सलाईन लावून पडलेले. नंतर विचारलं तेव्हा कळलं की बहुतेकांना आल्या आल्या डॉक्सीचा, म्हणजे डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा डोस दिला होता. तो रिपोर्ट मला अजून टोचतो.

मग कॅरी-ब्लेअरच्या (वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमाच्या) ट्यूबा घेऊन मी स्वतः गेले. आशाताईंनी एका घरात नेलं, पेशंट सकाळपासूनचा, औषध काही घेतलेलं नाही. खाटेखालच्या बादलीत तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब, त्यात पांढरे कण, वास मासळीसारखा. एकदा बघितलं की आयुष्यभर ओळखता येतं. ओआरएस चालूच ठेवायचं, ते आपल्यासाठी थांबवायचं नाही, पण स्वॅब घ्यायला अर्धा मिनिट लागतो तो पहिल्या गोळीच्या आधी घ्या. आणि कॅरी-ब्लेअर फ्रिजमध्ये नको, थंडीने व्हिब्रिओ, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू, मरतो, रूम टेंपरेचरलाच आणा. कोणी ब्लड कल्चर का नाही असं विचारलं तर सांगा, हा जंतू आतड्यातच राहून टॉक्सिन सोडतो, कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर हेच दाखवलं, म्हणून आपलं सॅम्पल म्हणजे शौचच.

लॅबला आल्यावर लगेच अल्कलाइन पेप्टोन वॉटर (व्हिब्रिओ वाढवायचं द्रव माध्यम), पीएच ८.६ च्या आसपास, ६ ते ८ तास. ट्यूब हलवू नका, व्हिब्रिओ वरच्या थरात जमतो, लूप (तारेचं कडं) तिथूनच घ्या आणि टीसीबीएसवर, म्हणजे व्हिब्रिओसाठीच्या खास प्लेटवर लावा. दुसऱ्या दिवशी पिवळ्या, चकचकीत, २-४ मिलिमीटरच्या कॉलनी दिसल्या तेव्हा माझे हात थरथरत होते. इथे नवीन माणूस हमखास चुकतो, तो टीसीबीएसवरूनच ऑक्सिडेज (जंतू ओळखायची एक टेस्ट) करतो आणि चुकीचं निगेटिव्ह येतं. आधी न्यूट्रियंट अगारवर (साध्या प्लेटवर) घ्या, रात्रभर ठेवा आणि मग ऑक्सिडेज. स्ट्रिंग टेस्ट तर बघण्यासारखी, ०.५ टक्के सोडियम डीऑक्सीकोलेटच्या थेंबात कॉलनी मिसळून लूप वर उचलला की पाकाची तार यावी तशी तार ओढली जाते. शेवटी ओ१ या कॉलऱ्याच्या गटाचा अँटिसेरा, मग त्याचे उपप्रकार ओगावा आणि इनाबा, पण शेजारी सलाईनचा कंट्रोल लावल्याशिवाय ॲग्लुटिनेशन वाचू नका, काही स्ट्रेन आपोआप गुठळ्या करतात. आमचा ओगावा निघाला, तिसऱ्या दिवशी सकाळी. लेखी रिपोर्टची वाट न बघता टीएचओंना (तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना) लगेच फोन केला, मेडिकल ऑफिसर तिकडे ताटकळलेले असतात.

पाण्याचं वेगळंच. साथ लागली की ग्रामपंचायत पहिल्यांदा विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओतते, बरोबरच करते, पण त्यानंतर घेतलेल्या सॅम्पलमध्ये काही सापडलं नाही म्हणून ती विहीर आधीही चांगली होती असं कोणाला म्हणू देऊ नका. टीसीएल कधी टाकलं ते विचारून फॉर्मवर वेळ लिहा, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का हे रंगावरून दाखवणारी) जागेवरच करा आणि बाटलीत क्लोरीन निकामी करणारं सोडियम थायोसल्फेट घातलेलं हवं, नाहीतर वाटेतही क्लोरीन जंतू मारत राहतो. आमच्या वाडीत विहीर क्लिअर आली. पण पाइपलाइन जिथे नाल्यातून जायची त्याच्या पुढच्या नळाला ओटीचा रंगच आला नाही, म्हणजे क्लोरीन नव्हतंच, आणि त्याच पाण्यात ओगावा मिळाला. दुपारी तिथे खोदायला माणसं लागली होती.