पोलिओचा पाय आणि पडण्याचा धोका : आधी गुडघा पाहावा, मग घर

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूची शेवटची लागण जानेवारी २०११ मध्ये हावडा येथे नोंदवली गेली. त्याआधीच्या दशकांत पोलिओ झालेली अनेक मुले आता चाळिशी-पन्नाशीच्या पुढे आहेत. वर्षानुवर्षे सवयीने सांभाळलेला तोल या वयात अचानक दगा देऊ लागतो, कारण पोलिओच्या माऱ्यातून वाचलेल्या चेतापेशींनी इतकी वर्षे जादा भार वाहिलेला असतो आणि त्या थकल्या की नवा अशक्तपणा येतो. यालाच पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात.

पडण्याची भीती वाटू लागली की घरचे लोक प्रथम फरशीला दोष देतात. न्हाणीघरात दांडी बसवणे, पायपुसणी उचलणे आणि पावसाळ्यात अंगणातले शेवाळ घासून काढणे हे करावेच, पण पोलिओचा माणूस बहुधा घसरून पडत नाही. त्याचा गुडघा दुमडतो किंवा पावलाचा पुढचा भाग न उचलल्याने उंबरठ्याला अडखळतो. म्हणून प्रत्येक पडण्याची चार ओळींची नोंद ठेवावी : वेळ कोणती, हातात काय होते, पायात काय होते, आणि गुडघा दुमडला की पाऊल अडले. पाच-सहा नोंदींत कारण बहुधा दिसू लागते आणि डॉक्टरांनाही त्यांचा उपयोग होतो.

मांडीचे पुढचे स्नायू कमजोर असणारी पुष्कळ माणसे मांडीवर हात दाबून गुडघा सरळ ठेवतात. त्याच हातात भाजीची पिशवी किंवा मोबाईल आला की आधार नाहीसा होतो. तो हात नेहमी मोकळा ठेवावा आणि सामान पाठीवरच्या पिशवीत घ्यावे. काहींचा गुडघा मागे ढकलला जाऊनच स्थिर राहतो. अशांनी उतारावर आणि नवी चप्पल घेताना विशेष जपावे, कारण उंच टाच गुडघ्याला पुढे लोटते. कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) वापरणाऱ्याने तर तो बनवणाऱ्या कारागिराला विचारल्याशिवाय बुटाची टाच बदलूच नये. चपलेपेक्षा मागे पट्टा असलेली सपाट सँडल बरी.

तरुणपणी सोडून दिलेला कॅलिपर पुन्हा घालणे अनेकांना हार मानल्यासारखे वाटते. मला मात्र हा हट्ट महाग पडणारा वाटतो, कारण आताचे प्लॅस्टिकचे कॅलिपर जुन्या लोखंडी पट्ट्यांपेक्षा बरेच हलके असतात. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी स्नायूंची ताकद तपासून मापाचा कॅलिपर मिळू शकतो. कॅलिपरला गुडघ्याशी कडी (लॉक) असल्यास उभे राहण्याआधी ती बसल्याचा आवाज ऐकावा आणि मगच पाय टाकावा.

काठी कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरावी आणि तिच्या टोकाचे रबर झिजताच बदलावे. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना काठी आणि कमजोर पाय आधी न्यावा. थकवा हेही पडण्याचे कारण आहे, त्यामुळे दुपारनंतरची कामे कमी करावीत, दमण्याआधी बसावे आणि ‘जिममध्ये जाऊन पाय मजबूत कर’ असा सल्ला तज्ज्ञाला विचारल्याशिवाय मानू नये, कारण अतिव्यायामाने हा अशक्तपणा वाढू शकतो. थंडीत पाय गार पडून स्नायू आणखी कमजोर होतात, म्हणून हिवाळ्यात सकाळी मोजे घालूनच उठावे. मात्र फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालू नये.

पडल्यावर घाईने उठू नये आणि बघ्यांना बखोट धरून ओढू देऊ नये. दुखते कुठे ते आधी पाहावे, मग कुशीवर वळून कोपरावर यावे आणि घट्ट खुर्ची किंवा पलंगाला धरून चांगल्या पायाच्या जोरावर उठावे. पोलिओच्या पायाचे हाड पातळ असते, त्यामुळे साध्या पडण्यानेही ते मोडू शकते. मांडी किंवा खुबा दुखत असेल, पायावर भार घेता येत नसेल, तर जागेवरून न हलता मदत मागवावी आणि एक्स-रे काढावा. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास भूलतज्ज्ञाला पोलिओ झाल्याचे आवर्जून सांगावे, कारण अशा रुग्णांवर स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम अधिक होऊ शकतो.