घरटॅक्सविरुद्ध वकील करताय? या चुका टाळा

नागपुरात घरटॅक्सची नवी आकारणी वाढून आली की लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. काही जण नोटीस देवघराच्या खणात टाकतात आणि जप्तीचं पत्र आल्यावरच ती पुन्हा बाहेर काढतात. बाकीचे त्याच संध्याकाळी 'आता कोर्टातच खेचतो' म्हणत वकील शोधायला निघतात. मी सिव्हिल लाईन्सच्या कोर्टात दिवाणी कामं करतो, त्यामुळे दोन्ही नमुने माझ्याकडे येतात, आणि येतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. माझ्या धंद्याला न शोभणारी गोष्ट आधीच सांगून टाकतो. या प्रकरणाचा निकाल कोर्टात कमी आणि महापालिकेच्या झोन ऑफिसमध्ये जास्त लागतो, आणि तिथे पहिल्या टप्प्यावर वकिलापेक्षा मोजपट्टी जास्त कामाची असते.

चूक पहिली, आणि सगळ्यात महागडी: हरकत न घेता थेट हायकोर्ट

झिंगाबाई टाकळीकडचे एक निवृत्त शिक्षक. खाली तीन खोल्या, वर दोन, बाजूला स्कूटरसाठी टिनाचं शेड. सर्वेक्षणवाले आले, मोजून गेले, आणि कागदावर ते शेड पक्की खोली झालं. मुलगी लग्नाआधी समोरच्या खोलीत ब्यूटी पार्लर चालवायची. पार्लर केव्हाच बंद झालं होतं, पण खोली लागली व्यावसायिक वापरात. टॅक्स अर्थातच कित्येक पटीने वाढला. विशेष नोटीस आली, तिच्यात हरकतीची मुदतही छापलेली होती. गुरुजींनी हरकत घेतली नाही. का? तर भाच्याच्या ओळखीचे एक वकील म्हणाले, "झोनमध्ये कोणी ऐकत नाही. रिट टाकू, एका झटक्यात स्टे आणतो."

रिट, म्हणजे थेट हायकोर्टात याचिका, दाखल झाली. खंडपीठापुढे जे व्हायचं तेच झालं. नोटिशीवर हरकत घेतली होती का? नाही. कायद्यात अपील दिलं आहे, ते केलं का? नाही. मग इथे कशाला आलात? याचिका मागे घ्यावी लागली. तोवर हरकतीची तारीख केव्हाच उलटली होती, बिल निघालं होतं आणि थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढत होती. वर्षाला 24 टक्के. एवढं व्याज आपल्याकडे सावकारच घेतो.

फाईल घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "वकीलसाहेब, आता तुम्हीच काहीतरी करा ना. मी तं काहीच चुकीचं केलं नाही." खरंच नव्हतं केलं. टिनाचं शेड डोळ्यांना दिसत होतं. पण दिसणारी गोष्टही मुदतीत लिहून द्यावी लागते. शेवटी बिल 'हरकत राखून' भरायला लावलं, झोनला फेरमोजणीचा अर्ज दिला, पार्लर बंद असल्याचे पुरावे जोडले आणि माणूस येऊन मोजून जाईपर्यंत पाठपुरावा केला. नोंद सुधारली, पण पुढच्या काळासाठी. मागचे पैसे गेले ते गेलेच, वर रिटची फी.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. नागपूरचा जुना 1948 चा महापालिका कायदा रद्द होऊन इथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 लागू झाला आहे. त्याच्या कलम 406 खाली करयोग्य मूल्याविरुद्ध, म्हणजे ज्या आकड्यावर टॅक्स बसतो त्याविरुद्ध, न्यायाधीशांपुढे अपील करता येतं, पण त्याला अटी आहेत. आधी आयुक्तांकडे, म्हणजे व्यवहारात झोनमध्ये, तक्रार केलेली हवी आणि तिचा निकाल लागलेला हवा. निकालापासून 15 दिवसांत अपील दाखल व्हायला हवं. बिल हातात पडलं असेल तर त्याची रक्कम महापालिकेकडे जमा केलेली हवी. पहिली पायरी चुकली तर पुढचा जिनाच नाही. 'टॅक्स भरला तर आपण मान्य केल्यासारखं होतं' हा समज कुठून आला देव जाणे, पण त्यापायी लोक पैसे अडवून धरतात आणि अपीलच गमावतात. हरकत राखून भरा, तसं पत्र द्या, त्या पत्रावर पोच घ्या.

माझी सवय सांगतो. कोणीही नोटीस घेऊन आलं की मी आधी आकडा बघत नाही, तारीख बघतो. नोटीस कधी निघाली, कोणी घेतली, कोणत्या दिवशी घेतली. पाकीट असेल तर पाकीटही ठेवतो. आमच्याकडे नोटीस शेजारच्या काकूंच्या हातात देतात, फाटकाला अडकवतात, भाडेकरूच्या पोराला देतात. मिळाल्या दिवशीच तिच्या मागे तारीख लिहा आणि फोटो काढून ठेवा.

चूक दुसरी: 'टॅक्स जास्त आहे' अशी तक्रार

झोनमध्ये येणारे निम्मे अर्ज माझ्या मते टोपलीत जाण्याच्याच लायकीचे असतात. 'मी ज्येष्ठ नागरिक आहे, पेन्शन तुटपुंजी आहे, रस्त्यावर खड्डे आहेत, नळाला पाणी येत नाही, सबब टॅक्स कमी करावा.' सगळं खरं असेल. पण सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला दर बदलण्याचा अधिकारच नसतो. त्याच्या हातात तुमच्या घराची नोंद बदलणं असतं. म्हणून बोट ठेवायचं ते नोंदीवर: क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि बांधकामाचं वर्ष. आरसीसी की लोड बेअरिंग, स्लॅब की टिन की कवेलू, स्वतः राहता की भाड्याने दिलंय, घर किती जुनं. वार्षिक भाडेमूल्य यातून ठरतं, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा होऊन करयोग्य मूल्य निघतं, आणि त्यावर सगळे कर बसतात. वरचा एक आकडा चुकला की खालचे सगळे चुकतात.

त्यामुळे वकिलाकडे येण्याआधी घर मोजा. झोनमधून आकारणीचा तक्ता घ्या आणि प्रत्येक खोली त्याच्याशी ताडून बघा. तक्त्यात बांधीव क्षेत्र आहे की चटई, ते आधी विचारा. नाहीतर तुम्ही आतून मोजाल, त्यांनी बाहेरून मोजलेलं असेल आणि भिंतींच्या जाडीवर भांडण होईल. मोठी इमारत असेल तर नोंदणीकृत आर्किटेक्टकडून मोजणीचा नकाशा करून घ्या. साधं घर असेल तर दोन माणसं आणि एक टेप पुरे. लोकांना याचाच कंटाळा येतो. वकिलाला ॲडव्हान्स द्यायला तयार, पण उन्हात अर्धा तास टेप धरायला तयार नाहीत! आणि तेच लोक पंधरा दिवसांनी विचारतात, "काय म्हणते आपली केस?" मापं नाहीत तर केस काय म्हणणार, कपाळ?

वापराबाबत खोटं बोलू नका, निदान आपल्या वकिलाशी तरी. नंदनवन, हनुमाननगर भागात वरच्या मजल्यावर क्लासची पोरं ठेवलेली, खाली त्यांची मेस, आणि अर्जात लिहितात 'पूर्णतः स्वतःच्या निवासासाठी'. अधिकारी मोक्यावर येतो तेव्हा जिन्यात बारा जोडी चपला असतात. उलटंही होतं. दुकान बंद झालं, पण विजेचं मीटर अजून व्यावसायिक दरावर चालू आहे. अशा वेळी आधी महावितरणकडे मीटर बदलून घ्या, त्याचं बिल जोडा आणि मग हरकत घ्या.

वकील निवडताना

'आमच्या ओळखीतले आहेत' ही पात्रता नाही. फौजदारीत नाव कमावलेला माणूस घरटॅक्सच्या अपिलात चाचपडताना मी पाहिला आहे, आणि त्याचा अशील बाहेर बाकावर बसून 'मोठा वकील केला' म्हणून खुशीत होता. सरळ विचारा: महापालिकेच्या कर अपिलाचं काम केलं आहे का? तारखेला स्वतः याल की ज्युनिअर येईल? झोनची सुनावणी, अपील, त्यापुढचं, असं टप्प्याटप्प्याने किती घ्याल? कोर्ट फी, टायपिंग, नक्कल हा खर्च वेगळा का? उत्तरं कागदावर घ्या, दिलेल्या पैशाची पावती घ्या. यात अपमान वाटणारा वकील नकोच.

'जेवढा टॅक्स कमी करून देईन त्याचे इतके टक्के' असं कोणी म्हणालं तर तिथूनच उठा. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला मनाई आहे. आणि तसं म्हणणारा बहुधा वकील नसतोच. झोनच्या फाटकाजवळच्या चहाटपरीवर फाईल काखेत धरून उभा असलेला दलाल असतो. 'आतमध्ये सेटिंग आहे' म्हणतो, पैसे घेतो, आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत 'साहेब सुट्टीवर आहेत' एवढंच सांगत राहतो. शॉर्टकटची ज्यांना घाई असते, त्यांचं माझ्याकडे येणं पक्कं असतं. फक्त ते सहा महिन्यांनी येतात.

वकील करण्याआधी हिशोब करा. वादातली रक्कम वर्षाला दोन हजार असेल आणि फी वीस हजार, तर हरकत स्वतःच लिहा, झोनमध्ये आवक शिक्का मारून घ्या आणि सुनावणीला स्वतःच उभे राहा. तिथे काळा कोट लागत नाही. मात्र चुकीची नोंद दरवर्षी बिलात येणार आहे हेही हिशोबात धरा. व्यावसायिक इमारत, हॉस्पिटल, मंगल कार्यालय असेल तर पहिल्याच दिवशी वकील हवा. महिला असाल, अनुसूचित जाती-जमातीच्या असाल किंवा उत्पन्न मर्यादेत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तिथे चौकशी करायला लाजू नका.

बाकीच्या चुका, थोडक्यात

माहिती अधिकारात कागद मागवून त्यांची वाट बघत बसणं. माहिती द्यायला 30 दिवसांची मुदत आहे आणि तुमच्या अपिलाला 15. नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करा, माहिती अधिकार सोबत चालू दे.

घर अजून दिवंगत वडिलांच्या किंवा बिल्डरच्या नावावर. हरकत कोण घेणार? वारसाची नोंद आधी करा, नामांतराला नंतर मुहूर्त काढतात तसं करू नका. आणि टॅक्स पावतीवर नाव आलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे भावाभावांनी समजून घ्यावं.

मंजुरी नसलेला मजला चढवून ठेवलाय आणि क्षेत्रफळावर भांडायला निघालात? अवैध बांधकामावर कराशिवाय शास्ती लावण्याची तरतूद आहे, कलम 267-अ. फेरमोजणी मागण्याआधी मंजूर नकाशा, आणि नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लेआऊटमधलं घर असेल तर आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, वकिलाला दाखवा. कधी कधी गप्प बसून टॅक्स भरणं हाच चांगला सल्ला असतो, आणि तो सल्ला देण्याचीही फी असते.

हिवाळी अधिवेशनात मंत्र्याला निवेदन देऊन फोटो काढणं. फोटो चांगले येतात. मुदत थांबत नाही.

माजी सैनिक किंवा सैनिकाच्या विधवा पत्नी असाल तर आधी शासनाच्या करमाफी योजनेचा अर्ज करा. तिथे अपिलाचं काम नाही.

लोकअदालतीत घाईघाईने सही. शास्तीत सूट मिळते म्हणून लोक रांग लावतात. सूट चांगलीच आहे, पण तडजोडीवर सही झाली की तो निवाडा अंतिम, त्याविरुद्ध अपील नाही. मूळ क्षेत्रफळच चुकलं असेल तर ते तडजोडीत लिहून घ्या, नाहीतर चुकीच्या आकड्यावर तुम्हीच शिक्का मारून आलात.

आणि एक, जिंकलेल्यांसाठी. हरकत मान्य झाली, आदेश मिळाला, पेढे वाटले, पण संगणकात कोणी नोंद बदललीच नाही. पुढच्या सहामाहीत जुनाच आकडा, वर 'थकबाकी' म्हणून मागचा फरक आणि त्यावर शास्ती. हे इतक्यांदा होतं की आदेशाची प्रत झोनमध्ये दिली की मी अशिलाला दोन आठवड्यांनी पुन्हा पाठवतो. इंडेक्स नंबर (घराचा टॅक्स क्रमांक) टाकून नवं बिल काढून घ्यायचं, मूल्य आणि थकबाकी दोन्ही रकाने बघायचे. आकडा जुनाच असेल तर तिथेच, त्याच खिडकीवर, आदेशाची प्रत जोडून लेखी अर्ज द्यायचा. माझी फाईल तोवर बंद होत नाही.