मोहर आला की शिंका, मग दोष आंब्याचाच? या चुका टाळा

शिगमो जवळ आला की आमच्या फोंड्याच्या घरी शिंकांची माळ सुरू होते आणि दरवर्षी आई अंगणातल्या मानकुराद आंब्याकडे बोट दाखवते, ह्याचाच मोहर, तोडूनच टाकूया. पहिली चूक हीच. मोहराकडे जरा जवळून बघा, माश्या घोंगावत असतात, कारण आंब्याचे पराग चिकट, ते किड्या-माश्यांच्या अंगाला लागून जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. मोहराच्या उग्र वासानं नाक चुरचुरतं, ती ॲलर्जीच असेल असं नाही.

मी शेवटी प्रिक टेस्ट (हातावर परागांच्या अर्काचा थेंब टाकून सुईनं हलकं टोचतात ती) केली, तीही दुसऱ्यांदा, कारण पहिल्यांदा आदल्या रात्री सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, घेऊन गेलेलो, तिनं रिॲक्शन दाबली, हात कोरा नि पैसे फुकट. (डॉक्टरला विचारून गोळी आठवडाभर आधी बंद करायची असते.) 15-20 मिनिटांत माड, पोफळ, खजूर तिन्ही ठिकाणी गांधी उठल्या आणि मी हबकलो, खजूर तर आमच्या वाड्यावर कुठेच नाही! गोम अशी की तिन्ही एकाच ताडाच्या कुळातली, परागांतली काही प्रोटीन इतकी सारखी की शरीर फसतं. म्हणजे तीन ॲलर्ज्या धरून घाबरायचं नाही, मूळ एकच असू शकतं. आणि माड तर बारा महिने फुलतो, मग कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) राहून फक्त फेब्रुवारीत गोळ्या खाऊन काय होणार?

आंब्याच्या चिकानं ओठाजवळ फोड येतात ते वेगळंच प्रकरण. आंबा, काजू, बिब्बा एका कुळातले, त्यांच्या चिकाची, तेलाची रिॲक्शन त्वचेवर एक-दोन दिवसांनी उठते, प्रिक टेस्टमध्ये ती दिसत नाही, पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी चिकटवून ठेवून बघतात ती) लागते.

परागांच्या ॲलर्जीत कुठली फळं टाळायची असा नेटवरचा तक्ता बघून सफरचंद सोडणारेही भेटतात. अरे, तो तक्ता बर्चचा, थंड देशातलं झाड ते, आल्डर-हेझल त्याचे भाऊबंद. बर्चवाल्यांना कच्च्या सफरचंदानं तोंड खाजतं, शिजवलेलं बहुतेकांना चालतं कारण ते प्रोटीन उष्णतेनं मोडतं. हाच नियम काजूला लावू नका हां! काजूगरातलं प्रोटीन भाजूनही टिकतं, आणि ज्याला काजूची ॲलर्जी त्याला पिस्त्याचीही असण्याची शक्यता दाट, त्यामुळे खिरीतले काजू वेचून पिस्ते ठेवले असं करू नका. ओठ सुजले, श्वास अडकायला लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 लावा.