ट्रॅक्टरच्या दाताळ्याचा कोन सीटवरूनच बदला

काटोलकडच्या आमच्या संत्राबागेत सल (वाळलेल्या फांद्या) काढून झाली की ओळींमधल्या काड्या अन् गोटे ओढायला मागचं दाताळं लागतं. कोन बदलायला दरवेळी उतरा, पिन काढा, फिरवा, पिन लावा. ही कटकट नको असेल तर डबल अॅक्टिंग सिलिंडर (ऑइलच्या दाबाने रॉड बाहेरही ढकलतो अन् आतही ओढतो) बसवून घ्या. ट्रॅक्टरला मागे दोन ऑइल पोर्ट आहेत ना, तेवढं आधी बघा.

सगळी मेख मापात आहे. दाताळं ज्या खिळीवर फिरतं त्या पिव्हटपासून ८ इंचांवर, फिरणाऱ्या भागाला सिलिंडरचं टोक जोडलं, तर दोन्हीकडे ३० अंशांसाठी जवळपास ८ इंच स्ट्रोक (रॉडची आत-बाहेर चाल) लागतो. दाताळं सरळ असताना रॉड निम्मा बाहेर आणि सिलिंडर त्या ८ इंचांच्या रेषेला काटकोनात हवा. दुसरं टोक न फिरणाऱ्या फ्रेमवर. वेल्डरला आधी नुसते टाके मारायला सांगा, हाताने दोन्हीकडे फिरवून पाहा, मगच पक्कं वेल्डिंग. २ इंच बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर १५० बारला सुमारे तीन टन जोर लावतो. त्यामुळे सिलिंडरची टोकं जोडायचे कान पातळ पट्टीचे चालणारच नाहीत.

ऑइलचा होज (रबरी नळी) ट्रॅक्टरची लिफ्ट पूर्ण वर असतानाही ताणला जाऊ नये. लाइनमध्ये ऑइलचा वेग कमी करणारा रिस्ट्रिक्टर टाका, नाहीतर दाताळं झटक्यात फिरतं अन् झाडाचं खोड सोलतं. जुनी पिन काढूनच लिव्हर ओढा. हवा निघेपर्यंत सावकाश फिरवा, मग ऑइलची पातळी बघा. गळती पुठ्ठा धरून शोधा. बोट कधीच लावू नका, दाबातलं ऑइल कातडीत घुसतं.