फोन बंद पडला की घरच्यांशी संपर्क कसा ठेवायचा? या चुका टाळा

घरातल्या सगळ्यांना फोन बाजूला ठेवून एकमेकांचे नंबर कागदावर लिहायला सांगा. आमच्याकडे हा खेळ केला तेव्हा मला एकट्या आईचा नंबर आठवला, त्यातही शेवटचे दोन आकडे उलटे. पूर, भूकंप अशा संकटात मोबाइलचे टॉवर बंद पडायच्या कितीतरी आधी संपर्क तुटलेला असतो, तो असा. चार महत्त्वाचे नंबर कार्डावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात आणि मुलांच्या दप्तरात ठेवा. पेन्सिलीने लिहा, जेल पेनची शाई भिजली की पसरते.

दुसरी चूक सगळेच करतात: लागत नाही म्हणून कॉल लावतच राहायचं. एका टॉवरवर एका वेळी ठरावीकच कॉल बसतात, त्यामुळे हजारो लोक रीडायल करत बसले की कुणाचाच लागत नाही. एसएमएसला जागा अगदी थोडी लागते. समोरचा फोन बंद असला तरी तो कंपनीच्या सर्व्हरवर थांबतो आणि फोन चालू झाला की पोचतो. मात्र व्हॉट्सॲपचा मेसेज म्हणजे एसएमएस नव्हे, त्याला इंटरनेट लागतं. फोनच्या मेसेज ॲपमध्ये चॅटची सोय चालू असेल तर तिथलेही मेसेज इंटरनेटवरूनच जातात. नेट नसताना साधा एसएमएस जाईल असा पर्याय सेटिंग्जमध्ये आजच शोधून ठेवा.

मेसेज छोटा हवा. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतली 160 अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त 70, आणि त्यात काना-मात्राही वेगळे मोजले जातात. त्याहून लांब मेसेजचे तुकडे होतात, आणि एखादा तुकडा अडकला की सगळंच रखडतं. ‘आम्ही ठीक आहोत, काळजी करू नका’ यातून पत्ता लागत नाही. त्यापेक्षा असं लिहा: ‘दोघं ठीक. शाळेच्या मैदानावर. 6 वाजता परत मेसेज.’ कोण, कुठे, पुढचा निरोप कधी. बस.

प्रत्येकाने प्रत्येकाला शोधणं हीही चूकच. घरात सहा माणसं असतील तर पंधरा जोड्या होतात. त्याऐवजी लांबच्या गावातला एक नातेवाईक ठरवा. सगळ्यांनी आपली खबर त्यालाच द्यायची आणि बाकीच्यांची त्याच्याकडूनच घ्यायची. त्याच्याकडची वीज आणि नेटवर्क शाबूत असण्याची शक्यता जास्त. जपानमध्ये 1995 च्या कोबे भूकंपानंतर, 1998 मध्ये 171 हा क्रमांक सुरू झाला, त्यामागची कल्पना अशीच: निरोप एका जागी ठेवा, घरच्यांनी तिथून ऐकावा.

बॅटरीचं गणित बऱ्याच जणांचं चुकतं. सिग्नल कमजोर असला की फोन टॉवर शोधत राहतो आणि भराभर उतरतो. म्हणून पहिला मेसेज लगेच पाठवा (वीज गेली की टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांत संपू शकतात) आणि मग फोन विमान मोडवर टाका. दर तीन तासांनी, ठरलेल्या वेळी दहा मिनिटं चालू करा. ही वेळ आधी ठरलेली नसेल तर एकाचा फोन चालू असताना दुसऱ्याचा बंद, असा लपंडाव होतो.

लँडलाइनवर भरवसा? जुन्या तांब्याच्या तारेतून एक्सचेंजचीच वीज यायची. फायबरच्या जोडणीत घरातली वीज गेली आणि बॅकअप नसला की फोनही गेला. वॉकीटॉकीच्या खोक्यावरचे किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. इमारतींमध्ये निम्मेही मिळत नाहीत.

काहीच चालत नसेल तर भेटायची जागा. ‘घराजवळ भेटू’ ही जागा नव्हे. एक घराबाहेरची, एक वस्तीबाहेरची, आणि किती वेळ थांबायचं तेही ठरवा. निघताना चिठ्ठी ठेवा: किती वाजता, कुठे, कोण कोण. दारावर मात्र नको, घर रिकामं असल्याची जाहिरात कशाला? कुंडीखाली वगैरे, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी.

आणि हो, त्या कार्डावर तारीख घाला. माझ्या पाकिटातल्या कार्डावर बहिणीचा कधीच बंद झालेला नंबर होता.